ग्रँटसाठी माझा फोटो

अगं, इकडे परदेशात सुनेच्या ऑफिसात झालेली गंमत ऐक. मारहाण झालेल्या बायकांना तिथे आसरा देतात, मी चहा करायला जाते. परवा सरकारी मॅडम फोटोग्राफर घेऊनच आल्या. "पीडित बाईचा फोटो द्या, तरच पुढची ग्रँट."

सून म्हणाली, "मॅडम, नवऱ्यांपासून लपल्यात त्या! फोटो छापला तर ते दारात येतील."

"नो वरीज, चेहरा दुःखी असला की झालं."

सुनेचं तोंड उतरलं. मग मीच डोक्यावर पदर घेतला, सुतकातल्यासारखी खुर्चीत बसले आणि म्हटलं, "काढा माझा."

ग्रँट मिळाली बाई! फोटो आमच्या ट्रुगानिना उपनगराच्या लायब्ररीत झळकतोय. आता पंजाबी शेजारीण माझ्या लेकाकडे डोळे वटारून बघते आणि मला कुंपणावरून हळूच विचारते, "आंटीजी, आज मारा तो नहीं ना?"