महिला एकेरी

— नाय गो, उठू नको, बस. आपल्या दोघींची मॅच पुकारायला अजून अर्धा तास हाय, आधी पुरुषांची चार टेबलं सुटू देत. अपेक्षा ना तू? पेणची? माझंपण माहेर पेणच. बाबांचा गणपतीचा कारखाना होता, गणपती गेले की फळ्या सरकवून तिथंच आम्ही भावंडं कॅरम मांडायचो. मग लग्न करून दिली गडबला. सरू म्हण मला, ताई-बिई नको, इथं कोण ताई नाय. — हात बघू. गार पडलेत की! पहिल्या वर्षी सगळ्यांचे पडतात. आणि मी पाय हलवते तिकडे बघू नको. सवय हाय ती. दाराकडे बघायचीपण सवयच.

रोह्याच्या स्पर्धेला माझं हे सहावं वर्ष. ब्याण्णवला आले तेव्हा पुरुष दोनशे आणि बायका पाच. पाच! आम्हाला बसायला शाळेचा हाच वर्ग दिलेला. त्यात दिपिका होती. ओळख कशी झाली — तिनं माझी पावडर ढापली. खरंच! मी भांडायला गेले तर म्हणते, तुझी ओली हाय, स्ट्रायकर रुततो तिच्यात, मी टाकून दिली, ही घे माझी. असली ती. मग दोन दिवस एकाच डब्यात जेवलो, माझं वालाचं बिरडं आणि तिच्या तांदळाच्या भाकऱ्या. वर्षभर घरात कोण विचारतंय, सरू, रिबाऊंड कसा मारतेस? इथं आलं की पाच जणी त्याच्यावरच बोलतात, खडूनं फरशीवर रेघा मारून भांडतात, तोंड दुखेपर्यंत हसतात. दोन दिवस. बाकीचं वर्ष त्याच्यावर काढायचं.

पत्रं लिहायची ती मला. पत्र म्हणजे काय — एक चौकोन, त्यात काळे-पांढरे गोल, खाली एकच ओळ : यातून राणी कशी काढशील? आमच्या सासूबाईंना, ठमाबाईंना, वाटलं मैत्रीण रांगोळी पाठवते. दिवाळीला दारात तीच काढली त्यांनी! मी आत जाऊन हसले. आणि सांगणार कुणाला? तिलाच, इथं आल्यावर.

यंदा पत्र नाय आलं. एकपण नाय. म्हटलं असेल, पोरांची दुखणी-बिखणी. मघाशी अमोल भेटला, तिचा भाऊ — तो काय, चष्मेवाला, यादी लिहितोय — त्याला विचारलं, अमोलदादा, दिपिका किती वाजता येते? तर मान खाली घालून लिहितोच हाय. मग म्हणाला, "ती नाय येणार आता. सासरी सांगितलं, हरायलाच जायचं तर घरी कामं काय कमी हायत? बंद झालं तिचं." धाटावला दिलीय तिला. धाटाव म्हणजे इथून मिनीडोर रिक्षानं पंधरा मिनटं! मी गडबहून एसटीनं येते, आणि ती पंधरा मिनटांवरून नाय.

आता ह्यात माझं काय, सांग. खेळ म्हटला की एक जिंकणार, एक हरणार. गेल्या वर्षी फायनलला आम्ही दोघीच, मी जिंकले. कप टीव्हीवर ठेवलाय, सासूबाई रोज पुसतात, आल्यागेल्याला दाखवतात, म्हणून तर मला इथं सोडतात. पदर लागला म्हणून काय मी मुद्दाम थोडीच —

काय नाय. पाणी हवं का तुला?

अशी बघतेस काय? ऐकलंस ना? मग ऐक सगळंच. शेवटचा बोर्ड. तिची एक सोंगटी, माझी एक. माझी कडेला अशी चिकटून बसलेली की निघणं कठीण. मी नेम बघायला पुढं वाकले, आणि पदराचं टोक लागलं सोंगटीला. दोन बोटं सरकली. मोकळी झाली. फाऊलच तो, कालच्या पोरालापण कळेल. पंच गुण लिहीत होते, बघणारे सगळे माझ्या पाठीमागं. फक्त दिपिकाला दिसलं. तिनं हात वर नाय केला. माझ्याकडे बघत राहिली — मी सांगेन म्हणून. आणि मला आठवत होतं, निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, यंदा रिकाम्या हातानं आलीस तर हे थेर बंद. तिच्या घरीपण तसंच असेल हे मला कुठं माहीत —

होतं गो. माहीत होतं. दुपारी जेवताना तिनंच सांगितलेलं.

मी मारली. पडली. टाळ्या झाल्या. तिनं हात मिळवला, "छान खेळलीस गो सरू" म्हणाली, पिशवी उचलली आणि निघाली. वर्षभर म्हणतेय, भेटली की सांगेन. पाठीत एक धपाटा घालेल, मग हसू दोघी. आता ती येणारच नाय तर सांगू कुणाला? तुला? तुला सांगून काय होतंय! तू माझी कोण?

किती वाजले? सव्वाअकरा. — पत्र लिहिलं असतं, पण ते तिलाच मिळणार. तिला तर माहीतच हाय. सांगायला हवं तिच्या सासूला, समोर बसून, की बाई, तुमची सून हरली नव्हती. आणि ते गडबला पोचायला किती वेळ? आमच्या गावची चार पोरं धाटावला कंपनीत, शिफ्ट सुटली की ठमाबाईंच्या कानावर. कप खाली येणार टीव्हीवरून. मग पुढच्या वर्षी मीपण इथं नाय. ह्या बाकावर दोघीपण नाय.

— आपलंच पुकारलं काय? टेबल तीन? चल. …नाय, थांब. तू हो पुढं.

अमोलदादा! ओ अमोलदादा, माझ्या नावावर रेघ मारा. हिला पुढं चाल द्या. व्हय, शुद्धीवर हाय मी. दिपिकाचं घर धाटावला नेमकं कुठं, तेवढं सांगा. पाण्याच्या टाकीमागं? बरं. नाय, तुम्ही नका येऊ. काय काम ते तिथंच सांगीन, तिच्या सासूसमोर, मग तुम्हाला कळेलच.

आणि तू अशी उभी काय राहिलीस गो? पुढची मॅच तुझी नागोठण्याच्या सीताबाईशी. डावखुरी हाय, जपून खेळ. जा. माझ्याकडे बघू नको, जा म्हटलं ना.