वरच्या पट्टीतली शिट्टी

ताई : नुसता बघत बसू नकोस, चिमण. टाक ती नवी आवृत्ती आणि मोकळा हो.

चिमण : मोकळा कसला? एकदा टाकली की मागे फिरणं सोपं नाही. तुझ्या संगणकावरचं हे लिनक्स नऊ वर्षांचं आहे. आवाज साफ करायचं तुझं ते लाडकं साधन नव्यात चालणारच नाही.

ताई : गेलं तर गेलं. दिग्दर्शिकेने दोनदा फिल्म परत पाठवली. म्हणे, त्यातल्या म्हाताऱ्याच्या मुलाखतीत सगळीकडे बारीक शिट्टी ऐकू येते. या जुन्या मशीनचीच असणार ती. तीस वर्षं फिल्मचे आवाज जुळवतेय, माझं काम कोणी परत पाठवलं नव्हतं.

चिमण : गेल्या वर्षी मीच अपग्रेड करू म्हणालो, तर अंगावर आलीस. चालत्या गाड्याला खीळ घालू नकोस म्हणालीस.

ताई : तेव्हा गाडा चालत होता. आता काय झालं? पेन ड्राइव्ह हातात धरून का बसलायस?

चिमण : सकाळी तू आंघोळीला गेलीस ना, तेव्हा नवी आवृत्ती पेन ड्राइव्हवरून चालवून बघितली. तुझ्या डिस्कला हात न लावता. साउंड कार्ड चाललं. फिल्मही वाजली.

ताई : मग झालं तर.

चिमण : शिट्टी तशीच आहे.

ताई : नव्यातही?

चिमण : माझ्या लॅपटॉपवरही. ती मशीनमध्ये नाही, ताई. रेकॉर्डिंगमध्येच आहे. त्या खोलीतल्या दिव्याची असावी.

ताई : शक्य नाही. ते तुकडे मी चाळीस वेळा ऐकलेत. असती तर पहिल्याच दिवशी काढली असती.

चिमण : हेडफोन घाल. लावतो.

(तो कळ दाबतो. ती डोळे मिटून बसते.)

ताई : लाव ना.

चिमण : लावलंय. म्हातारा बोलायच्या आधीची जागा आहे ही.

ताई : इथे शांतता आहे.

चिमण : नाही, ताई.

ताई : बंद कर ते. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेय मी. दोन महिने झाले. वरच्या पट्टीतले बारीक आवाज ऐकू येणं गेलंय, परत यायचं नाही म्हणाले. बोललेलं कळतंय ना, मग वयाच्या मानाने ठीक आहे, असंही म्हणाले.

चिमण : दाजींना सांगितलंस?

ताई : कोणालाच नाही. म्हटलं, मशीनच जुनं झालं असेल. मशीन उलटून बोलत नाही.

चिमण : पडद्यावर रेघ दिसते शिट्टीची. बघून काढता येईल.

ताई : ही काढशील. पुढच्या कामात काय राहून गेलंय, ते कोण सांगणार? दरवेळी तू येऊन बसणार?

चिमण : येईन की.

ताई : उगाच शब्द देऊ नकोस. तुझी नोकरी आहे, घर आहे.

चिमण : मग अपग्रेडचं काय करू?

ताई : राहू दे. यातल्या कळा हाताला पाठ आहेत. नवं शिकून आता कोणासाठी? फिल्मच्या फाइली एका डिस्कवर घाल आणि दिग्दर्शिकेला नेऊन दे. दुसरं माणूस बघ म्हणावं.

चिमण : कारण विचारेल ती. मशीन बिघडलं म्हणून सांगू?

ताई : नको रे. मशीनला काही झालेलं नाही, एवढं खरं सांग.