तोकडी वायर

दिव्या : अहो पप्पा, लाइटची वायर काढा आधी त्या पाइपातनं! ती आणि नेटची एकत्र नाय घालायच्या.

हिंदुराव : का गं? भांडत्यात व्हय?

दिव्या : भांडतातच. लाइटवालीमुळं नेटमध्ये कचरा येतो. आणि ती कुठं सोलली गेली, तर थेट कॉम्प्युटरला झटका.

हिंदुराव : बरं बाई. तिला दुसरा पाइप, वीतभर अंतर सोडून. पण घरात वायफाय हाय की! मग अंगण उकरून ह्यो घुशीचा उद्योग कशाला?

दिव्या : मागची खोली पत्र्याची आहे ना. दार लावलं की वायफाय बाहेरच. परवा तिथनं दिग्विजयदादाला त्याच्या मशीनसाठी कटिंगचं ड्रॉइंग पाठवत होते, अर्ध्यात लटकलं. म्हणाला, सोमवारी परत असं झालं तर ह्या कामाला भोसरीतलीच दुसरी पोरगी बघतो.

हिंदुराव : न्हाई व्हणार तसं. वढ.

दिव्या : तुम्ही ढकला तिकडनं. अजून... आलं, आलं टोक! आता भिंतीच्या कडेनं त्या कोपऱ्यात... पप्पा, इकडं या.

हिंदुराव : काय झालं?

दिव्या : पुरत नाय. खिडकीपाशीच संपली.

हिंदुराव : आसंल. मापात चुकलं आसंल.

दिव्या : तुम्ही? कंपनीत प्रेस शॉपला पत्रा मापणारे? रव्याच्या लाडवाचं माप पण व्हर्नियर लावून घ्याल तुम्ही!

हिंदुराव : वय झालं आता.

दिव्या : थांबा. तो कापून उरलेला तुकडा द्या बरं. ही बघा मार्करची खूण. माप इथपर्यंत बरोबर घेतलंय, आणि कापलीय चांगली चार हात अलीकडं. मुद्दाम कापली?

हिंदुराव : व्हय.

दिव्या : डोकं फिरवू नका माझं! का पण?

हिंदुराव : त्या कोपऱ्यात बसलीस की घराकडं तुझी पाठ. खिडकीपाशी बसलीस, तर घराच्या ओट्यावरनं तोंड दिसतंय.

दिव्या : वॉचमनच ठेवा ना मग! काय करणारे मी आत?

हिंदुराव : तसं न्हाई गं. शाळा सोडलीस, ते मला कधी कळलं? दिवाळीत. जूनपासनं रोज दप्तर लावून निघायचीस. माझी सेकंड शिफ्ट, सकाळी घरीच असायचो. आपल्या गेटात हुबा राहून बघायचो. पोरगी शाळंला चालली म्हणून तुझी पाठ बघून खूश व्हायचो.

(दिव्या उरलेल्या तुकड्याचं वेटोळं करते, सोडते, परत करते.)

दिव्या : कुठं जायचे, ते कधी विचारलं नाय तुम्ही.

हिंदुराव : भ्या वाटायचं. आज इचारतो. कुठं जायचीस?

दिव्या : भोसरीत. एका वर्कशॉपच्या शटरबाहेर. आत मशीन पत्रा कापायचं, कागद कापल्यासारखं. त्याला कसं कळतं कुठं वळायचं, तेच बघत बसायचे. एक दिवस आतला म्हणाला, लांबनं काय बघतेस, आत ये.

हिंदुराव : ह्योच दिग्विजय?

दिव्या : हो.

हिंदुराव : मग सांगायचं की मला!

दिव्या : मारलं असतं तुम्ही.

हिंदुराव : मारलं असतं. अन् मग मशीन बघायला आलो असतो.

दिव्या : माझ्याकडं कपलर आहे. दोन वायरी जोडायचा. आत्ता हा तुकडा जोडला, की कोपऱ्यात पोचतीय वायर.

हिंदुराव : जोड मग. खोली तुझी हाय.

दिव्या : टेबल धरा तिकडनं.

हिंदुराव : कुठं न्यायचं?

दिव्या : खिडकीला. आणि ही काच घासायला लागंल, पप्पा. ह्यातनं काय दिसणारे तुम्हाला?