चटणीचं माप

वकिलांकडं नंबर लागायचा होता. शेजारच्या बाकावर मिसळवाले नवराबायको फ्रँचायझीचा करार मांडीवर घेऊन कुजबुजत होते. निशिगंधाला ऐकायचं नव्हतं. पण कोल्हापुरी माणसाची कुजबुजसुद्धा दोन बाकं पलीकडं जाते.

"शालू, सही करू का नको, तेवढं सांग."

"पुण्यात आपल्या नावानं मिसळ विकणार. बिघडली तर शिव्या कुणाला?"

"म्हणून तर चटणीचं माप लिहून मागत्यात. तू कधी मोजून घातलंस काय? तुझ्या हाताची चव कागदावर कशी उतरायची?"

"माप अनुजाला इचारा."

"सूनबाईला? तिला काय म्हाईत?"

"दिवाळीपासनं चटणी तीच करतीया."

"आणि तू?"

"त्या तापानंतर माझ्या जिभंला चवच कळंना झालीया. तिखट न्हाय, मीठ न्हाय."

निशिगंधाचं मोबाइलवरचं बोट थांबलं.

"गिऱ्हाईक काय बोललं न्हाय?"

"एकबी न्हाय."

"आणि मला आज सांगतीस व्हय?"

"रोज पहिली प्लेट तुमचीच असती की. वाटलं, आज वळखाल, उद्या वळखाल."