शेजारची दीर्घिका आणि सरांचं अधिक

...नाही, तुम्हीच सांगा, ज्या दुर्बिणीसाठी अर्ज करकरून बोटं झिजली, ती मिळाली, एकच दिवस मिळाली, हो, दिवसच, रेडिओ दुर्बिणीला दिवसाही दिसतं, पण सासऱ्यांना ते पटेल तर शपथ, "जावईबापू, भर उन्हात कसले तारे बघता?" अहो, तारे बघतच नाही मी! ताऱ्यांमधला वायू बघतो, शेजारच्या दीर्घिकेतला, आणि त्यात एका जड कार्बनमागे हलके किती, एवढं एकच गुणोत्तर काढायचं, म्हणजे तिथे ताऱ्यांच्या किती पिढ्या नांदून गेल्या ते कळतं, आणि ते निघालं की माझी नोकरी पक्की. सासऱ्यांच्या डोक्यात एवढंच बसलंय. रोज फोन. "मग, किती आलं?"

किती आलं काय... ऐका. दीर्घिका हलते, म्हणून तिचं स्टेशन रेडिओवर जरा सरकून लागतं. लांब जात असेल तर एका बाजूला, जवळ येत असेल तर दुसऱ्या. आमची ही छोटीशी, कुणी फारसं न विचारलेली, ती आपल्याकडे येतेय. म्हणून वेगाच्या रकान्यात मी वजा घातलं, तर मागून सर. आमचे सर, तुम्हाला सांगतो, चष्मा कपाळावर आणि डोळे मिटून बोलणार. "वजा? अरे, विश्व प्रसरण पावतंय, विसरलास? दीर्घिका लांब जातात." म्हटलं, सर, जवळच्या एखाद-दुसऱ्या येतात की. "येतात म्हणे! तुझ्या सासुरवाडीची माणसं आहेत का, उठून यायला?" आणि स्वतःच्या हाताने अधिक केलं. मी म्हटलं, बरं सर. बरं का? कंत्राट वाढवायच्या कागदावर सही कुणाची?

झालं, दिवसभर दुर्बीण भलत्याच स्टेशनवर. नुसती खरखर. हलका कार्बन शून्य, जड कार्बन शून्य, आता शून्याला शून्याने भागून माणसाने सांगावं काय? "मग, किती आलं?" म्हटलं, बाबा, मोजणी चालू आहे.

वाटलं, चूक दाखवली की सर वरमतील. वरमतात कसले! "चिन्हाचं काय घेऊन बसलास? शोध लागलाय, शोध. कार्बनच नसलेली दीर्घिका!" लेख छापून आला, पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं, मोठा सत्कार झाला. बायको म्हणाली, "आणि तू टाळ्या वाजवल्यास?" वाजवल्या ना. पुढच्या रांगेत बसवलं होतं मला.

मग मी गुपचूप पुन्हा अर्ज केला, वजा चांगलं ठळक करून. समितीचं उत्तर आलं, फार अदबीने, "सदर दीर्घिकेत कार्बन नसल्याचे आपणच सिद्ध केले आहे. नसलेली वस्तू मोजण्यासाठी वेळ देता येत नाही."

आज परत फोन. "जावईबापू, किती आलं?" म्हटलं, बाबा, आता मी तिच्या मागे लागत नाही. ती येतेच आहे ना आपल्याकडे, आणखी काही कोटी वर्षं, दाराशी आली की मोजतो.

ते म्हणाले, "म्हणजे तोवर कंत्राटावरच?"

...हो, बाबा. सरांनी सही केली तर.