कपाटं हलकी झाली होती

दादा : अगं, त्यात डोळ्यांना पाणी आणण्यासारखं काय आहे? त्या नर्सबाईंनी विचारलं, काका, तुमच्या मते तुमची तब्येत कशी आहे? मी छाती ठोकून सांगितलं, फर्स्ट क्लास! अख्खी रांग हसली.

वहिनी : रांग हसली. त्या नाही हसल्या. बरं झालं भाऊजी, तुम्ही आलात. तुम्हीच समजवा आता यांना. माझं काडीचं ऐकत नाहीत.

बारक्या : निरोप मिळाला तसा हातातलं टाकून पळत आलो, वहिनी. झालं काय नेमकं?

वहिनी : गल्लीच्या तोंडाशी तपासणीचा तंबू लागलाय ना, तिथं सकाळी यांना ओढून नेलं. दंडाला ते फुगणारं फडकं बांधलं, तर बाईंचा विश्वासच बसेना. पुन्हा बांधलं. मग पडद्याआड निजवून छातीला वायरी लावल्या. कागद बघितला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, यांच्या हृदयाला रक्त नीट पोचत नाही, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या, उद्यावर टाकू नका. आणि हे घरी येऊन म्हणतात, जेवायला वाढ.

दादा : मग भूक लागल्यावर काय म्हणू? आजारी माणसाला भूक लागते का?

बारक्या : दादा, ऊठ. कपडे बदल. मी येतो बरोबर.

दादा : तू गप रे! दारात मावत नाही आणि नाव बारक्या. माझ्या हाताखाली सामान उचलायला आलास तेव्हा स्टूल उचलताना लटपटत होतास, आणि आज मला ऊठ म्हणतोस? काम टाकून आलास ना? मुकादम बोंबलत असेल तिकडे गाडीपाशी.

बारक्या : बोंबलू दे.

दादा : बोंबलू दे म्हणे. उद्या त्या वकिलाचं सगळं ऑफिस हलवायचंय. लोखंडी कपाटं, तीही तिसऱ्या मजल्यावर, अन् जिना असा अरुंद की मांजर आडवं गेलं तर अडकेल. ती वळणं कोण काढणार? तू?

वहिनी : वळणांचं काय घेऊन बसलात! भाऊजी, हे रात्री आडवे होत नाहीत आता. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपतात. विचारलं की गॅस. जबडा दुखायचा, तर दाढ उपटून आले. दाढ गेली, दुखणं आहे तिथंच आहे.

दादा : चुकीची उपटली त्यानं. त्याला मी काय करू?

वहिनी : बघा!

दादा : अगं, आजारी म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. खालचा रंगारी बघ, खोकून खोकून अंथरुणाला खिळलाय. तो आजारी. समोरच्या शिंपीणबाईंना सुईचं भोक सोडा, माणूस दिसत नाही. त्या आजारी. माझा बाप माझ्या वयाचा होता तेव्हा फोटो होऊन भिंतीवर बसला होता. मी सकाळी उठतो, स्वतःच्या पायांनी जिना उतरतो, कामाला जातो. त्याला आपल्याकडे तब्येत चांगली म्हणतात. वायरीला काय कळतंय?

बारक्या : वायरीला कळतं, दादा. आतलं कळतं.

दादा : बरं, आतलं राहू दे. बाहेरचं बघू. मागच्या आठवड्यात ते तीन दारांचं कपाट चौथ्या मजल्यावर कुणी चढवलं? सांग तुझ्या वहिनीला.

बारक्या : आपण.

दादा : आपण म्हणजे कोण? वर मी, खाली तू. मला दम लागला? कुठं थांबलो मी? खरं सांग.

बारक्या : नाही थांबलास.

दादा : ऐकलंस? ज्याचं हृदय बिघडलंय तो चौथ्या मजल्यावर कपाट नेईल का गं? आता वाढ.

वहिनी : भाऊजी, तुम्हीसुद्धा त्यांचीच री ओढताय? मी तुम्हाला कशाला बोलावलं मग?

बारक्या : वहिनी, मी... दादा, तू आधी दवाखान्यात चल. वाटेत सांगतो काय ते.

दादा : काय ते? असं तोंडातल्या तोंडात बोलायला कधी शिकलास? काय ते आत्ता सांग.

बारक्या : जिन्यात वजन कुणावर येतं, दादा?

दादा : हे तू मला विचारतोस? खालच्यावर. वरच्यानं नुसतं धरायचं आणि वळण दाखवायचं. मीच शिकवलं तुला ते.

बारक्या : मग तू वर कधीपासून?

दादा : झालं की वर्ष होत आलं. मुकादम म्हणाला, वळणं तुझ्यासारखी कुणाला दिसत नाहीत, तू वरची बाजू घे. बरोबरच होतं त्याचं. तुला वर ठेवलं की भिंतीचं प्लॅस्टर निघतंय.

बारक्या : मुकादम नाही म्हणाला. मी त्याला म्हणायला लावलं.

दादा : तू?

बारक्या : तो फ्रिज आठवतो? डॉक्टरांच्या बिल्डिंगमधला. दुसऱ्या वळणावर तुझे ओठ निळे पडले. मी वरून बघत होतो. तू म्हणालास ऊन लागलं. जिन्यात कुठलं आलंय ऊन, दादा?

वहिनी : निळे? आणि मला कुणी बोललं नाही!

बारक्या : काय बोलणार, वहिनी? मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवलं, दादाला खालची बाजू द्यायची नाही. कपाट असलं की तू गाडीत पुढं बसलेला असायचास तोवर आम्ही आतले कप्पे, खण, सगळं काढून ठेवायचो. ते मागून वेगळ्या खेपेला यायचं. चौथ्या मजल्यावर आपण नेलं ते कपाट नव्हतं, दादा. नुसतं खोकं होतं. त्यालाही तू फक्त हात लावला होतास.

दादा : सगळ्यांनी मिळून म्हणजे? सगळ्या टोळीला माहीत आहे?

बारक्या : आहे.

दादा : तो नवा ड्रायव्हर, त्यालाही?

बारक्या : त्यालाही.

दादा : आणि जेवायच्या सुट्टीत मी तुम्हाला ऐकवायचो, अरे पोरांनो, माझ्या वयाचे व्हा आणि मग असं उचलून दाखवा. तेव्हा सगळे मान खाली घालून जेवायचात. मला वाटायचं, लाजलेत बिचारे.

बारक्या : दादा, रागावू नकोस.

दादा : रागावू नको तर काय करू? मला खेळवलंत तुम्ही! म्हातारा समजून खेळवलंत! आजच्या आज सांगतो मुकादमाला, उद्या खालची बाजू माझी.

बारक्या : ह्याच्यासाठीच नाही बोललो. मला माहीत होतं, तू हेच म्हणणार आणि उचलणार. आणि दवाखान्यात न्यावं तर... त्यांनी काम बंद करायला लावलं असतं. तू घरात बसलेला मला बघवला नसतास. तुझ्याशिवाय मला जिन्यात शिरायचं धैर्य होत नाही, अजूनही. वाटलं, वजन तेवढं मी घेतो, बाकी सगळं होतं तसं राहील. मला वाटलं मी तुला जपतोय. चुकलं माझं. हवं तर चपलेनं मार, पण आत्ता चल.

वहिनी : त्यांना एकट्यांनाच कशाला, मलाही मारा. मीही तेच केलंय.

दादा : तू काय केलंस?

वहिनी : आपण पोटमाळ्यावर झोपायचो. खाली झोपू या, माझे गुडघे दुखतात, असं मी म्हणाले ना?

दादा : मग? दुखतात ना तुझे गुडघे?

वहिनी : माझ्या गुडघ्यांना काही धाड भरली नाही. तुम्ही ती शिडी चढलात की तुमची छाती अशी उडायची, मला अंधारात ऐकू यायचं. तुम्हाला झोप लागेपर्यंत मी जागी राहायचे. शेवटी म्हटलं, माझ्यावर घेतलेलं बरं.

दादा : आणि बाजारातून येताना दर मजल्याला तुझ्या चपलेत खडा जायचा, तो?

वहिनी : चपलेत कसला खडा? तुम्हाला दम खायला मिळावा म्हणून मी वाकायचे.

दादा : मी तुझ्यावर चिडायचो. म्हणायचो, ही बाई कधी धड चालणार नाही.

वहिनी : चिडायचात, पण थांबायचात. मला तेवढं पुरे होतं. नर्सबाईंनी विचारलं तेव्हा माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, पण चार माणसांत तुमची मान खाली जाईल म्हणून गिळलं. तंबूतून घरी येईपर्यंत मी स्वतःला शिव्या देत होते.

दादा : मला पाणी दे जरा.

वहिनी : घ्या. हळू.

दादा : बारक्या, एक सांगू? हसशील.

बारक्या : नाही हसणार.

दादा : गेलं वर्षभर मला कपाटं हलकी लागायला लागली होती. मनात म्हणायचो, बघ, आयुष्य गेलं ओझ्याखाली आणि आता कुठं हात बसला. देवानं उतारवयात जोर दिला. हिला एकदा म्हणालोसुद्धा, मी अजून वीस वर्षं सहज काढतो. त्या नर्सबाईंशी मी खोटं नाही बोललो रे. मला खरंच तसं वाटत होतं.

वहिनी : माहीत आहे मला. ते दिसत होतं तुमच्या तोंडावर. म्हणून तर बोलवेना.

दादा : खोकी होती म्हणजे. सगळी खोकीच.

बारक्या : दादा, पुरे आता ते. असा घाम का आलाय तुला? दादा?

दादा : काही नाही. हा डावा हात... दगड बांधल्यासारखा झालाय. मघापासून होतंय.

वहिनी : मघापासून? अहो, मग बोलत का नाही!

दादा : आता बोललो की.

बारक्या : वहिनी, खाली तंबूत ओरडून सांगा. दवाखान्याची गाडी बोलवा म्हणावं, लगेच. मी इथं आहे.

वहिनी : खिडकीतून सांगितलं. बाई म्हणाल्या, गाडी गल्लीच्या तोंडाशी येईल, आत शिरत नाही. चालू देऊ नका म्हणाल्या, एक पाऊलसुद्धा. त्यांची माणसं स्ट्रेचर घेऊन येतील.

दादा : स्ट्रेचर कशाला? वळणार नाही. पहिल्या मजल्याला कठडा पुढं आलाय, तिथं अडकेल. ती खुर्ची घे. हाताची नको, बिनहाताची. पाठ मागं झुकव, आणि मला पट्ट्यानं बांध. आवळून बांध, लाजू नकोस.

बारक्या : बांधतोय.

दादा : खाली कोण?

बारक्या : मी.

दादा : हं. तूच रे बाबा. आणि वर?

वहिनी : मी धरते.

दादा : तुला जमेल?

वहिनी : रोजच्या पाण्याच्या कळश्या काय आपोआप चढतात? चला, भाऊजी.

(जिन्यात. खुर्चीत बांधलेले दादा, खालच्या बाजूला बारक्या, वरच्या बाजूला वहिनी.)

दादा : सावकाश. तुझ्या मागं अजून तीन पायऱ्या. आता डावा पाय टेकव. डावीकडे भिंत आहे, कोपर आत घे.

बारक्या : तू बोलू नकोस, दादा. श्वास जपून ठेव.

दादा : नाही बोललो तर तू प्लॅस्टर काढशील. अगं, तू थोडी उचल वरून. हां. अशी. छान धरलंस. कुणी शिकवलं तुला?

वहिनी : कुणी नाही. गप्प बसा ना हो. मी हात जोडले असते, पण हात मोकळे नाहीत.

दादा : वळण आलं. आधी खुर्चीचा मागचा पाय काढ. मग फिर. बघ, निघालं की नाही?

बारक्या : निघालं. एकच मजला राहिला आता. ती माणसं दिसतायत खाली.

दादा : बारक्या.

बारक्या : काय, दादा?

दादा : या वेळी खोटं नको बोलूस. जड आहे मी?

बारक्या : ...आहेस. फार जड आहेस, दादा.

दादा : मग टेकव की जरा. दमल्यावर टेकवावं माणसानं. त्यात लाजायचं काय?

बारक्या : आज नको, दादा. आज टेकवायचं नाही.