वीतभर अंतर

वहिनी — वीतभर? दोन ठिपक्यांमध्ये वीतभर अंतर? भावजी, कागदावर हे कोणी लिहिलं?

भावजी — मी. ओरडू नका, आधी ऐका. विद्यापीठाचे साहेब म्हणाले, काचेवर तुम्ही म्हणता तसे दोन-दोन इंचांवर दाट ठिपके दिले तर नव्या ग्रंथालयाला गोवर आल्यासारखं दिसेल.

वहिनी — गोवर! अहो, समोर झाडीच झाडी. काचेत पडलेलं आभाळ पाखराला खरंच वाटतं. फट दोन इंचांची असली तर ते वळतं, वीतभर दिसली की घुसतंच आणि काचेवर आपटून मरतं. वर्षभर डोळे फोडून मी हेच बघत बसले ना?

भावजी — मान्य. पण आज अकरा वाजता कागद पोचला नाही तर काम दुसऱ्याकडे जातंय. आपल्या कारखान्यात सहा माणसं हातावर हात धरून बसलीत, त्यांनी काय तुमचे ठिपके शिजवायचे? सही करा आणि मोकळ्या व्हा.

वहिनी — ‘पाखरांना धोका नाही’ याच्या खाली माझी सही?

भावजी — नाहीच धोका! चाचणीसाठी आठवडाभर अंगणात वीतभर अंतरावर ठिपके दिलेलीच काच उभी आहे. एक पीस तरी दिसलं तुम्हाला?

वहिनी — नाही.

भावजी — मग झालं तर!

वहिनी — बसा हो जरा. तुमच्या येरझाऱ्यांनी माझंच डोकं गरगरायला लागलं.

भावजी — बसायला वेळ कुणाला आहे?

वहिनी — एक विचारू? जन्मात कधी नऊच्या आत उजाडलं नाही तुम्हाला. या आठवड्यात मात्र रोज माझ्याआधी इथे हजर. आमच्या जाऊबाई सांगत होत्या, चहासुद्धा न घेता पळतात म्हणून.

भावजी — काम मिळवायचं म्हटल्यावर...

वहिनी — आणि हा वास कसला येतोय दोन दिवस?

भावजी — रंगाचा असेल.

वहिनी — ते खोकं पायाने आत का सरकवलंत?

भावजी — कुठलं? हां, ते होय. बूट आहेत. नवे.

वहिनी — पायात तर शिवलेली चप्पल. द्या इकडे.

भावजी — वहिनी, राहू द्या. नका उघडू ना.

वहिनी — अगं बाई! किती आहेत?

भावजी — सात. रोज तुमच्याआधी येऊन उचलली; तुम्ही बघितली असती तर सही केली नसती. कचऱ्यात टाकायला हात धजेना. एवढीशी असतात हो, वजनच लागत नाही हाताला. आठ दिवस जेवण जात नाही मला.

वहिनी — मला माझीच लाज वाटतेय. रोज पीस शोधायचे आणि मिळालं नाही की खूश व्हायचे. मलाही काम हवंच होतं.

(अंगणातल्या काचेवर धप्प असा आवाज.)

भावजी — थांबा, मी जातो. मला सवय झालीय.

वहिनी — काय झालं? भावजी?

भावजी — जिवंत आहे! चोच वासून बसलंय. घेतलं ओंजळीत.

वहिनी — आवळू नका. वरून हात झाका, अंधार वाटू दे त्याला.

भावजी — फोन वाजतोय. माझ्या खिशात.

वहिनी — थांबा, काढते. विद्यापीठाचाच आहे. घ्या.

भावजी — कसा घेऊ? दोन्ही हात अडकलेत. तुम्हीच बोला.

वहिनी — काय सांगू?

भावजी — दोन इंच.

वहिनी — आणि काम गेलं तर? ती सहा माणसं?

भावजी — त्यांना मी सांगेन. तुम्ही फक्त हळू बोला, आत्ता कुठे शांत होतंय.